ओला पट्टा

“चामड्याला पाणी दाखवायचं नसतं, एवढं साधं कळू नये माणसांना? उद्या म्हणतील, बंदुका साबणात भिजत घाला!”

गंजकाका हे कुणाला उद्देशून बोलत नव्हते. पोहण्याच्या तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते मांडीवरच्या पट्ट्याशी बोलत होते. हवालदारबाई शेजारच्या बाकावर वाकून बुटांच्या नाड्या आवळत होत्या, म्हणून त्यांना ते ऐकू आलं.

“काका, मला म्हणालात?”

“तुला कशाला म्हणू? माझं ऐकतंय कोण इथं,” काका म्हणाले आणि कोरड्या फडक्यानं बक्कल पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. थोड्याच वेळात ते पाण्यात जायचं होतं.

काका पोलिसांच्या शस्त्रागाराचे प्रमुख. पिस्तुलं, बेड्या, पट्टे, काठ्या, सगळं त्यांच्या किल्लीखाली. त्यांच्याकडून काहीही घ्यायला गेलं की आधी “गंज चढवून आणू नका” हे ऐकावं लागे, म्हणून त्यांचं नाव गंजकाका. नव्या भरतीला शस्त्र सांभाळायचं शिकवणारेही तेच. ठाण्यातल्या प्रत्येकाच्या कमरेवर कधी ना कधी त्यांचा डोळा पडलेला होता, आणि हे वाक्य वाटतं तितकं वाईट नाही.

त्यांनी शिकवलेलं विसरणं शक्यच नव्हतं. जेवणाच्या रांगेत, जिन्यात, कवायतीत, कुठंही ते मागून येत आणि कमरेच्या पिस्तुलाला झटका देत. ज्याचं पिस्तूल हातात आलं, तो मैदानाला फेऱ्या मारायचा आणि बाकीचे बघायचे. मग काका आवाज चढवून विचारायचे, “काहीही झालं, तरी हात कुठं?” आणि अख्खी तुकडी ओरडायची, “कमरेला!” धक्का बसला, हात कमरेला. पाय घसरला, हात कमरेला. हवालदारबाई एकदा भाजी घेताना सालीवरून घसरल्या, तेव्हा टोमॅटो रस्ताभर गेले, पण उजवा हात कमरेला होता. अंगावर तेव्हा साधे कपडे होते, कमरेला काही नव्हतंच.

तर आता त्याच पट्ट्यांसकट पाण्यात उड्या मारायच्या होत्या. नदीकाठच्या रस्त्यावर गस्त घालणाऱ्या प्रत्येकानं पाण्यातलं प्रशिक्षण पुरं केलंच पाहिजे, असा हुकूम निघाला होता. हुकुमात कारण लिहिलं नव्हतं. ठाण्यात ‘त्या दिवसानंतर’ एवढं म्हटलं की पुरत असे. कुठला दिवस, हे कुणाला विचारावं लागत नसे, आणि कुणी विचारतही नसे.

शिकवायला एक सडपातळ तरुण मुलगी होती. तोंडापेक्षा शिट्टीनं जास्त बोलायची, म्हणून पहिल्याच दिवशी ती ‘शिट्टी’ झाली. तिनं सगळ्यांना गणवेशासकट पाण्यात उतरवलं आणि वर्दी भिजली की माणसाचं वजन कसं वाढतं ते दाखवलं. मग म्हणाली, “आता पँट काढा.”

तलाव गप्प झाला.

“खाली दुसरं काही घालून या म्हणून काल सांगितलं होतं,” ती शांतपणे म्हणाली. “पायांच्या टोकांना गाठ मारा, कंबर उघडी धरून डोक्यावरून पाण्यावर आपटा. हवा भरेल. मग गळ्यात घाला आणि पडून राहा. पँट बुडत नाही, म्हणजे तुम्हीही बुडत नाही.”

“पँट काढ म्हणणारी आमच्या घरीसुद्धा कुणी नाही,” ढेरपोटे जमादार म्हणाले, “आणि इथं शिट्टी वाजवून सांगतात!”

“घरी सांगू नका म्हणजे झालं,” शिट्टी म्हणाली.

जमादारांची पँट शिवणीत उसवलेली निघाली. हवा भरली की ती फुर्रकन सोडायची. सगळे इतके हसले की दोघांच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि शिट्टीनं त्यांना काठाला धरून उभं केलं. हवालदारबाईही हसल्या. हसता हसता त्यांनी सवयीनं डावीकडं पाहिलं. चांगला विनोद झाला की बघायची त्यांची जागा ती होती, गाडी चालवताना शेजारच्या सीटची. डावीकडं पाणी होतं.

बाकी सगळं त्यांना जमलं. दोरीची पिशवी फेकण्यात तर त्या पहिल्या आल्या. आधी हाक मारायची, मग काठी द्यायची, मग दोरी फेकायची, आणि आपण उडी मारायची ती अगदी शेवटी, शक्य तर नाहीच, हे शिट्टीनं घोकवून घेतलं. अडलं ते एकाच ठिकाणी. शेवटची परीक्षा अशी, की पूर्ण वर्दीत, बूट आणि पट्ट्यासकट खोल पाण्यात उडी घ्यायची. पट्ट्याला शिसं भरलेलं रबरी पिस्तूल, बेड्या, बॅटरी, काठी. पाण्यात बक्कल काढायचं, पट्टा तळाला सोडून द्यायचा आणि वर येऊन तरंगायचं. पट्टा आधी, बाकी सगळं नंतर.

दोनदा हवालदारबाई त्यात नापास झाल्या. दोन्ही वेळा शिट्टीनं लांब काठी घालून त्यांना ओढून काढलं.

“ताई, हात बक्कलवर न्या.”

“नेते आहे ना.”

“नाही नेत. तुम्हाला वाटतं नेते म्हणून. तुमचा उजवा हात पिस्तुलावर असतो. कोपर आवळून. एका हातानं पोहता तुम्ही.”

हवालदारबाई खोकला आल्यासारखं करून कपडे बदलायच्या खोलीत गेल्या आणि दार लावून बराच वेळ ओल्या बाकावर बसून राहिल्या. एका हातानं पोहणारं माणूस त्यांनी पाहिलं होतं.

त्यांचा जोडीदार ठाण्यातला सगळ्यांत चांगला पोहणारा होता. दोघं एकाच हुद्द्याचे, तरी त्या त्याला ‘साहेब’ म्हणायच्या आणि तो त्यांना पूर्ण ‘हवालदारबाई’, तेही इतकी वर्षं एका गाडीत बसून. बाहेर लोकांना वाटायचं किती हा मान. आत गाडीत तो त्यांच्या बाजूची काच स्वतः पुसायचा आणि गाणं म्हणायचा. गाणं इतकं वाईट असायचं की त्या म्हणायच्या, “साहेब, वायरलेस चालू आहे, जनतेवर दया करा.” एवढंच होतं त्यांचं. कुणाला सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तो गेल्यावर दुसऱ्या कुणाशी करताही येत नाही.

त्या दिवशी, सकाळी, पुलाखालच्या पायऱ्यांवरून एक बाई पाण्यात पडली होती. हवालदारबाई दोरी आणायला गाडीकडं धावल्या. दोरी डिकीत होती, स्टेपनीखाली. त्या दोरी ओढून वळल्या तोवर त्यानं उडी घेतली होती, आणि पडलेल्या बाईनं पुलाचा खांब धरला होता. ती वाचली. तो प्रवाहाच्या मध्यावर होता आणि त्याचा डावाच हात पाण्यावर येत होता. उजवा येतच नव्हता. त्यांनी दोरी फेकली. दोरी त्याच्या उजव्या खांद्यावरून गेली. त्या हातानं ती धरली असती, तर.

उजवा हात कुठं होता, हे हवालदारबाईंना काठावरून स्वच्छ दिसत होतं.

एवढा पोहणारा माणूस बुडाला कसा, हे कोडं ठाण्यात दोन-तीन दिवसच टिकलं. कुणीतरी म्हणालं, बक्कल अडकलं असणार. पाण्यानं चामडं फुगतं, बक्कल अडकतं, वजन खाली ओढतं. ते सगळ्यांना पटलं. बक्कल अडकलं म्हणजे कुणाचीच चूक नाही. शोकसभेत वरिष्ठांनी सांगितलं, त्यानं शस्त्र शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. तेच वाक्य आता ठाण्याच्या व्हरांड्यात त्याच्या फोटोखाली पितळी पट्टीवर कोरलेलं आहे. हवालदारबाई रोज त्याच्यासमोरून जातात. फोटोकडं बघतात, पट्टीकडं बघत नाहीत.

त्याची बायको, म्हणजे वहिनी, त्यांना अधूनमधून बोलावते. दोघी समोरासमोर बसून चहा घेतात. गळणाऱ्या नळाबद्दल बोलतात, मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढला त्याबद्दल बोलतात. एकदाच, कप उचलून नेता नेता, पाठमोरं राहून वहिनीनं विचारलं होतं, “बक्कल अडकलं होतं ना हो?”

“हो ना,” हवालदारबाई म्हणाल्या होत्या. “अडकलंच असणार.”

वहिनीनं नळ सोडला आणि कप धुतले. आधी धुतलेलेही पुन्हा धुतले.

त्या दिवसापासून हवालदारबाई ठाण्याच्या काउंटरवर होत्या. तिथं लोक हरवलेल्या छत्र्यांची, चोरलेल्या सायकलींची, शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन येतात. दिवसभर बोलून बोलून संध्याकाळी घसा बसतो, आणि घरी आल्यावर लक्षात येतं की आज आपण कुणाशी बोललोच नाही. परीक्षा पास झाली तर नदीकाठची गाडी परत मिळणार होती. नाही झाली तर काउंटर, निवृत्तीपर्यंत. वरिष्ठांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं होतं: “तुमच्यासाठी कायमची खुर्ची ठेवतो.”

गाडी का हवी, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. कुठल्या पायरीवर शेवाळ आहे, कुठल्या कठड्यावर संध्याकाळी एकटी माणसं येऊन उभी राहतात, त्यांच्याशी हवापाण्याचं काय बोललं की ती घरी जातात, हे दोघांना ठाऊक होतं. आता एकालाच ठाऊक होतं. आणि त्या गाडीत डावी बाजू रिकामी असली, तरी ती त्याचीच रिकामी होती. काउंटरवर तेवढंही नव्हतं.

“या वयात पाण्यात उड्या मारतेस, बेडूक आहेस का तू?” फोनवर थोरली बहीण म्हणाली. “टेबल देतायत तर गुमान बस ना टेबलावर.”

“बसेन.”

“बसेन म्हणजे नाही. मला कळतं तुझं. जेवलीस?”

“जेवले,” हवालदारबाई म्हणाल्या आणि मग उठून गॅसवर भात ठेवला.

दोन खोल्यांचं घर. न्हाणीत ओली वर्दी टांगलेली, बाह्या पसरून, कुणीतरी आंघोळीला येऊन तिथंच थांबल्यासारखी. तिच्यातून पाणी टपकत होतं. सोबत म्हणून बाईंनी बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला आणि आतल्या खोलीत जाऊन रिकामा पट्टा कमरेला बांधला. आरशासमोर उभं राहून डोळे मिटले, अंगठ्यानं बक्कल उचललं. पट्टा धपकन फरशीवर. पुन्हा बांधला, पुन्हा धपकन. किती सोपं. एका बोटाचं काम.

खालच्या मजल्यावरून आवाज आला, “ताई, काय पडलं हो?”

“काही नाही, पट्टा!”

“परत पडला?”

“परत पडला!”

“बरोबर आहे, वाळलात हो फार,” खालची शेजारीण म्हणाली. तेवढ्या बोलण्यानंही हवालदारबाईंना बरं वाटलं. त्यांनी पट्टा आणखी एकदा पाडला. पण कुणी विचारलं नाही.

तर ही तिसरी आणि शेवटची परीक्षा होती. जमादार, बिचारे, दुसऱ्या प्रयत्नात पास झाले होते आणि नव्या पँटीत काठावर बसून धीर देत होते. “ताई, काही विचार करू नका. विचार केला की माणूस जड होतं. माझं बघा, मी कधीच करत नाही.”

“तरी जडच आहात,” शिट्टी म्हणाली.

गंजकाकांनी पट्टा हातात दिला. देताना क्षणभर सोडलाच नाही. हवालदारबाईंनी वर पाहिलं, तर ते बक्कलकडं बघत होते. मग त्यांनी तो सोडला आणि म्हणाले, “जा. गंज चढवून आण.”

शिट्टी वाजली. बाईंनी उडी घेतली.

पाणी कानांवर आदळलं आणि आतलं सगळं मुकं झालं. हात बक्कलवर, त्यांनी स्वतःला सांगितलं. हात ऐकत नव्हता. धक्का बसला होता ना, हात कमरेला गेला होता, कोपर बरगड्यांत रुतलं होतं, बोटं रबरी पिस्तुलाभोवती अशी वळली होती, जणू ती त्यांची नव्हतीच. डाव्या हातानं त्यांनी पाणी ओढलं. तोंड जेमतेम वर आलं. शिट्टी वाजत होती. “बक्कल, ताई, बक्कल!” मुलगी ओरडत होती, काठी पुढं येत होती. पुन्हा खाली. खाली हिरवट उजेड होता आणि फार शांत होतं. त्यालाही असंच शांत वाटलं असेल का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या एका हातानं पुन्हा वर आल्या. त्याच वेळी काठावर खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

“काहीही झालं, तरी हात कुठंऽ?”

तो आवाज मैदानावरचा होता. तरुणपणचा, अख्ख्या तुकडीला पुरणारा. गंजकाका अगदी कडेला येऊन उभे होते, बूट पाण्यात, आणि त्यांनी शिट्टीची काठी एका हातानं अडवून धरली होती.

हवालदारबाईंच्या तोंडात पाणी होतं, म्हणून उत्तर देता आलं नाही.

“बक्कलवर!” काकांनीच ओरडून दिलं. “बक्कलवर म्हणतो मी! हात कुठं?”

ज्यानं शिकवलं होतं त्याचंच हातानं ऐकलं. बोटं सुटली, पुढं सरकली, अंगठा बक्कलखाली गेला. पट्टा कमरेवरून निसटताना मांडीला घासून गेला आणि मग कुठंच नव्हता. हवालदारबाई वर आल्या, न ओढता, आपोआप, बुचासारख्या. पाठीवर पडल्या. दोन्ही हात पसरले. वर पत्र्याचं छत होतं, त्यावर पाण्याचा उजेड हलत होता, आणि त्या रडत होत्या. पाण्यात ते कुणाला दिसत नाही, ही एक सोय.

शिट्टीनं एकदा लांब शिट्टी वाजवली. म्हणजे पास.

त्यांना बाहेर घेतलं, टॉवेल दिला, बाकावर बसवलं. जमादारांनी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्याच टाळ्या, तलावात त्या फार मोठ्या वाजल्या, म्हणून त्यांनीच थांबवल्या. गंजकाकांनी आकडीच्या काठीनं तळाचा पट्टा वर काढला. तो घेऊन ते हवालदारबाईंच्या शेजारी बसले आणि पुसायला लागले. बुटांतून पाणी गळत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

“गाडी मिळाली तुला,” ते म्हणाले.

“मिळाली.”

“चामडं वाळायला किती वेळ लागतो, ठाऊक आहे? उन्हात ठेवायचं नाही, तडकतं. सावलीत. रोज उलटायचं.” फडकं बक्कलवर थांबलं. “त्याचा पट्टा मी तसाच वाळवला. परत आला तेव्हा नुसता चिखल होता.”

कुणाचा, असं हवालदारबाईंनी विचारलं नाही. शिट्टी दोरी गुंडाळायचं निमित्त करून थोडी लांब गेली. जमादारांना शांतता सहन होत नसे. ते घसा खाकरून म्हणाले, “जाऊ द्या हो काका. तुम्ही तरी काय करणार? बक्कलच अडकलं, त्याला कुणाचा इलाज—”

“बक्कल अडकलं नव्हतं.”

काकांनी मान वर केली नाही. फडकं बाजूला ठेवलं आणि अंगठ्यानं ओलं बक्कल उचललं. टक्क. लावलं. पुन्हा उचललं. टक्क.

हवालदारबाईंनी टॉवेलातून उजवा हात बाहेर काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला, तेव्हा ते थांबले.

“तू काठावर होतीस,” ते म्हणाले. “तू पाहिलंस.”

“पाहिलं, काका.”

“बक्कल अडकलं नव्हतं,” ते जमादारांकडं बघून, नीट, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाले. “चिखलानं भरलेलं असतानासुद्धा एका बोटानं उघडलं. मी उघडून पाहिलं. त्यानं त्याला हातच लावला नव्हता. त्याचा हात मी शिकवला होता तिथं होता.”